पाच मात्रांची भीती: ‘हॅलोवीन’ (१९७८) लोकांपर्यंत कसा पोहोचला

दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने आपला भयपट ‘हॅलोवीन’ ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स या हॉलिवूडच्या स्टुडिओतल्या एका तरुण अधिकारी बाईला दाखवला, तेव्हा त्यात संगीत नव्हतं. चित्रीकरण आणि संकलन उरकलं होतं, संवाद ऐकू येत होते. पार्श्वसंगीत आणि दचकवणारे आवाज तेवढे चढवायचे राहिले होते. चित्रपट संपला. तिला जराही भीती वाटली नव्हती. हा किस्सा पुढे कार्पेंटरने स्वतःच लिहून ठेवला आहे: ते ऐकल्यावर त्याने ठरवलं की आता हा चित्रपट संगीतानेच वाचवायचा. साधारण सहा महिन्यांनी तीच बाई पुन्हा भेटली. या वेळी तिला चित्रपट फार आवडला होता. मधल्या काळात कार्पेंटरने केलं होतं ते एवढंच, संगीत घातलं होतं.

भयपटाची जाहिरात कशी करावी असं कोणी विचारलं की मी याच किश्श्यापासून सुरुवात करतो. या प्रकरणात जाहिरात बाहेरून चिकटवलेली नाही. प्रसिद्धीला पैसा नव्हता, म्हणून चित्रपटाच्याच पोटातलं एक चित्र आणि एक धून बाहेर काढावी लागली. ती दोन्ही एकाच घडणीची होती, म्हणून सगळं जमून आलं. ते कसं, हे मला नीट उलगडून सांगायचं आहे.

हाताशी काय होतं

निर्मितीचा खर्च तीन ते सव्वातीन लाख डॉलर. हॉलिवूडच्या तेव्हाच्या हिशेबातही ही रक्कम किरकोळ होती. कल्पना वितरक अर्विन याब्लान्सची, पैसा मुस्तफा अक्कादचा. पटकथा कार्पेंटर आणि डेब्रा हिल या दोघांनी मिळून लिहिली. पटकथा, दिग्दर्शन आणि संगीत या तिन्ही कामांचे मिळून कार्पेंटरने दहा हजार डॉलर घेतले, वर नफ्यातला दहा टक्के वाटा. खुन्याच्या मागावर असलेल्या डॉक्टर लूमिसच्या भूमिकेतल्या डॉनल्ड प्लेझन्सला पाच दिवसांचे वीस हजार मिळाले. मायकल मायर्स या खुन्याचा मुखवटा दुकानातून दोनेक डॉलरला आणला होता. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा तो मुखवटा. त्यावर पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले, झालं काम. गोष्ट घडते ऑक्टोबरात इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात, पण चित्रीकरण झालं वसंतात, कॅलिफोर्नियात. त्यामुळे पानगळीची पानं रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा वापरायची, असा संसार होता.

जाहिरातीच्या दृष्टीने या टप्प्यावर दोन महत्त्वाचे निर्णय झाले.

पहिला नावाचा. मूळ कल्पना मुलं सांभाळणाऱ्या मुलींच्या खुनांची होती आणि चित्रपटाचं नावही तसंच सरळ होतं, ‘द बेबीसिटर मर्डर्स’. सगळी गोष्ट एकाच रात्रीत, ३१ ऑक्टोबरच्या, हॅलोवीनच्या सणाच्या रात्री घडवावी आणि त्या सणाचंच नाव चित्रपटाला द्यावं, ही सूचना याब्लान्सची. त्या नावाचा चित्रपट आधी कोणी केलेला नाही, याचंच त्याला नवल वाटलं होतं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. एका शब्दात तारीख आली, ऋतू आला, काळोख आला, दारोदार फिरणारी मुखवट्यांतली मुलं आली आणि कोरलेला भोपळा आला. यातलं काहीही अमेरिकन प्रेक्षकाला समजावून सांगायला नको होतं. शिवाय दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की दुकानांच्या काचा आपणहून या चित्रपटाची आठवण करून देणार होत्या.

दुसरा निर्णय नायिकेचा. जेमी ली कर्टिसची मोठ्या पडद्यावरची ही पहिलीच भूमिका, पण ती जॅनेट लीची मुलगी. १९६० च्या ‘सायको’मधल्या शॉवरखालच्या खुनामुळे जॅनेट ली सगळ्यांच्या लक्षात होती. आईच्या नावाने बातमी होईल हे डेब्रा हिलला माहीत होतं आणि तिने ते लपवलंही नाही. कर्टिसने काम उत्तम केलं, त्यामुळे या निवडीत खोट काढता येत नाही.

दहा मात्रा, पण झपताल नव्हे

आता धुनेकडे येतो. या प्रकरणाचा जीव तिथे आहे.

कार्पेंटरचे वडील संगीताचे प्राध्यापक होते. १९६१ मध्ये त्यांनी मुलाला बोंगोवर पाचाचा ठेका वाजवायला शिकवला होता. पाश्चात्त्य संगीतात चारचा आणि तीनचा ठेका रोजचा, पाचाचा क्वचित. ‘हॅलोवीन’ची मुख्य धून त्या सरावावर उभी आहे. पाचाची प्रत्येक मात्रा दुभागली की दहा होतात, आणि दहा म्हटलं की आपल्याला झपताल आठवतो. पण झपतालाची विभागणी दोन-तीन, दोन-तीन अशी. त्याचे दोन अर्ध सारख्या लांबीचे, म्हणून तो डोलतो, त्याच्यावर रेलता येतं. कार्पेंटरची विभागणी तीन-तीन-दोन-दोन अशी आहे. टेबलावर बोटांनी वाजवून पाहा. पहिले दोन गट तीन-तीनचे आले की कान खूणगाठ बांधतो, की तीनाची लय सुरू झाली आणि आता आणखी दोन गट तीनाचेच येणार. ते येतात दोन-दोनचे. बाराची वाट पाहणाऱ्या कानाच्या हाती दहाच पडतात. कोणीतरी दोन मात्रा उचलून नेल्यासारखं पुढचं आवर्तन वेळेआधी अंगावर येतं. त्याच्यापाठोपाठ पुढचं. पाठलाग करणारा माणूस आपल्या अंदाजापेक्षा दोन पावलं जवळ असावा, तशी ही चाल आहे.

सुरांचं कामही असंच काटकसरीचं. खालचा मुख्य सूर षड्ज धरला तर पियानोवर वाजतं ते साधारण असं: प सा सा, प सा सा, प सा, कोमल ध सा. एवढंच. पंचमावरून एकदाच, शेवटच्या गटात, बोट कोमल धैवतावर जातं आणि पुन्हा मागे येतं. काही वेळाने हीच आकृती जशीच्या तशी अर्ध्या सुराने खाली घसरते. म्हणजे ज्याला आपण षड्ज मानून बसलो होतो तोच पायाखालून सरकतो. वर सिंथेसायझरची अखंड टिकटिक, खाली लांबवलेले जड खर्ज. गाण्यात असतो तसा मुखडा-अंतरा नाही, विसाव्याची जागा नाही.

सिंथेसायझरची बाजू डॅन वायमन यांनी सांभाळली. श्रेयनामावलीत मात्र ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा’ असं भारदस्त नाव झळकतं. असा वाद्यवृंद नव्हताच. कार्पेंटर केंटकीतल्या बोलिंग ग्रीनमध्ये वाढला, त्या गावाचं नाव त्याने दिलं. बरंचसं संगीत तर त्याने चित्र समोर न चालवता, थेट वाजवत रचलं आणि मग ते तुकडे चित्रपटावर बसवले. एकदम अंगावर येणारे जे तीव्र सूर आहेत त्यांना तो गुरं हाकायच्या विजेच्या काठीचं नाव देतो. प्रेक्षकाला टोचायचं आणि पुढे ढकलायचं.

इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. ही धून वाजवायला वाद्यवृंद लागत नाही. पियानो शिकणारं मूल पहिल्या महिन्यात ती एका हाताने काढू शकतं. डेस्कवर बोटांनी वाजवता येते, शीळ घालता येते, मित्राच्या कानामागे हळूच गुणगुणून त्याला दचकवता येतं. अमेरिकेत या संगीताची तबकडी १९८३ मध्ये आली. म्हणजे पहिली काही वर्षं धून थिएटरात ऐकायची आणि तोंडात घेऊन बाहेर पडायचं, एवढाच मार्ग होता. रेडिओवर गाणं वाजवून चित्रपट खपवण्याची पद्धत तेव्हा सगळीकडे रुळलेली होती. इथे गाणं नव्हतं, आणि तरीही धून तोंडोतोंडी गेली.

पोस्टर: अर्धा भोपळा, अर्धी मूठ

पोस्टर बॉब ग्लीसन यांचं. पार्श्वभूमी पूर्ण काळी. डावीकडे हॅलोवीनला कोरतात तो भोपळा, आत मेणबत्तीचा उजेड, तोंडाचे दात आणि डोळे पेटलेले. भोपळ्याच्या फाकींच्या रेघा उजवीकडे सरकत जातात आणि सरकता सरकता त्यांची बोटांची पेरं होतात. ती मूठ आहे, आणि मुठीत खाली टोक केलेला मोठा सुरा. भोपळा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याच त्या वळणाची रेघ पुन्हा पुन्हा थोडी सरकवून काढल्यामुळे स्थिर चित्रात सुरा खाली येण्याची गती आली आहे. मुठीच्या शिरांमध्ये अनेकांना एक किंचाळणारा चेहराही दिसतो. मला तो आधी दिसला नव्हता, आता टाळता येत नाही.

सोबत एकच ओळ: ‘द नाइट ही केम होम’, म्हणजे ‘तो घरी आला ती रात्र’. त्यातला ‘तो’ मोठ्या अक्षरांत छापलेला. कोण तो? पोस्टर सांगत नाही. ‘घरी’ हा शब्द मात्र नेमका टोचतो. भुताटकीच्या जुन्या चित्रपटांत राक्षस दूरच्या किल्ल्यात राहायचा, आपण उठून तिथे जायचो. इथे तो आपल्या गल्लीत येतो.

या पोस्टरवर काय नाही, तेही पाहिलं पाहिजे. नायिका नाही. प्लेझन्सचा चेहरा नाही. रक्त नाही, प्रेत नाही, किंचाळणारी बाई नाही. आणि आज जगभर ओळखला जाणारा तो पांढरा मुखवटा नाही. प्रेक्षकाला थेट फारसं काही दाखवायचं नाही, त्याने जे पाहिलंय असं त्याला वाटतं त्यानेच तो घाबरला पाहिजे, असा याब्लान्सचा चित्रपटासाठीच आग्रह होता. पोस्टरने तो आग्रह भिंतीवरही पाळला.

आपल्याकडे भयकथांवर लघुपट करणारी तरुण मुलं मला पोस्टर दाखवायला आणतात. दहापैकी आठांवर मोकळ्या केसांची, पांढऱ्या बुबुळांची बाई असते. गोष्टीतलं जे शेवटच्या पाच मिनिटांत उघड व्हायचं तेच भिंतीवर लावलेलं. मग थिएटरात उरलं काय? मला त्या मुलांचं मनापासून वाईट वाटतं, कारण गोष्टी चांगल्या असतात. ग्लीसनचं पोस्टर त्यांनी समोर ठेवून तासभर पाहावं असं मी त्यांना सांगतो.

ग्लीसनच्या चित्राचा व्यवहारातही फायदा होता. तेव्हा चित्रपटाची जाहिरात म्हणजे प्रामुख्याने वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा छोटा, काळ्या शाईतला चौकोन. बारीक छटांची रंगीत चित्रं तिथे चिखल होतात. काळ्यावर उजळ भोपळा आणि सुऱ्याचं पातं हे मात्र दोन बोटांएवढ्या जागेतही ओळखू येतं. ज्याच्याकडे पूर्ण पान विकत घ्यायला पैसे नाहीत त्याच्यासाठी हे मोठं बळ आहे.

भिंतीवरचं चित्र पडद्यावर

आता या दोन गोष्टी एकमेकींना कुठे भेटतात ते. चित्रपट सुरू होतो. काळा पडदा, डाव्या बाजूला पेटलेला कोरीव भोपळा, उजवीकडे नारिंगी अक्षरांत नावं. कॅमेरा अतिशय सावकाश भोपळ्याच्या डोळ्याकडे सरकत जातो, आतली ज्योत फडफडते, आणि संपूर्ण वेळ ती पाचाची धून वाजत राहते. दुसरं काहीही घडत नाही. म्हणजे बाहेर दारावर जे पोस्टर पाहून तिकीट काढलं, तेच आत पडद्यावर पुन्हा भेटतं, फक्त आता त्याला आवाज फुटलेला असतो. त्या दोन-अडीच मिनिटांत चित्र आणि धून एकमेकांना कायमची बांधली जातात. पुढे आयुष्यात कुठेही भोपळा पाहिला की धून वाजते आणि धून ऐकली की भोपळा दिसतो.

मी ही नामावली एकदा आवाज बंद करून पाहिली. सण साजरा करणाऱ्या घरातला एक दिवा, याहून जास्त काही ती सांगत नाही. मग डोळे मिटून नुसती ऐकली. अस्वस्थ वाटलं, पण कशाबद्दल ते कळेना. दोन्ही एकत्र आल्यावरच तो दिवा आपल्याकडे बघायला लागतो.

दोघांची रचनाही एकच आहे, असं मला ठामपणे वाटतं. पोस्टरमध्ये एकच वक्ररेषा थोडी थोडी सरकत पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी तिचा सुरा होतो. धुनेत एकच आकृती पुन्हा पुन्हा येते आणि नकळत अर्ध्या सुराने खाली सरकते. हे दोघांनी ठरवून केलं असा माझा दावा नाही. पण वजाबाकी करत, मोजक्याच सामग्रीत काम केलं की अशी जुळणी होते, हे मी माझ्या कामातही अनुभवलं आहे.

कॅन्सस सिटीपासून

मोठ्या स्टुडिओंनी चित्रपट घ्यायला नकार दिला. मग याब्लान्सने स्वतःच्या कंपास इंटरनॅशनल पिक्चर्समार्फत तो बाजारात आणला. २५ ऑक्टोबर १९७८ रोजी, सणाच्या सहा दिवस आधी, कॅन्सस सिटीत तो पहिल्यांदा लागला. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही. देशभर एका दिवशी झळकवायला लागतात तेवढ्या प्रिंट नव्हत्या, दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा करायलाही पैसे नव्हते. एका शहरात लावायचा, तिथली चर्चा वाढू द्यायची आणि मग पुढच्या शहराकडे जायचं, असा तो प्रवास झाला. सुरुवातीची परीक्षणं संमिश्र होती, काही तर कडवट. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात समीक्षक टॉम ॲलनने त्याची बाजू घेतल्यावर गंभीर समीक्षकही पुन्हा पाहू लागले. नामवंत समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिले आणि ‘सायको’शी तुलना केली.

पण ही तोंडोतोंडी झालेली प्रसिद्धी सुरू कुठे झाली? माझं उत्तर आहे, चित्रपटाच्या शेवटच्या मिनिटात. लूमिस खुन्यावर गोळ्या झाडतो, तो गच्चीवरून खाली पडतो. लूमिस वाकून पाहतो तर हिरवळ रिकामी. तिथे धून सुरू होते. मग एकामागून एक जागा दिसतात: रिकामी खोली, जिना, अंधारी घरं. जिथे जिथे तो येऊन गेला त्या जागा. माणूस एकही नाही, फक्त मुखवट्याआडून येणारा श्वास आणि दहा मात्रांचं ते आवर्तन. चित्रपट तिथेच संपतो.

त्या प्रेक्षकाचा विचार करा. ऑक्टोबरची रात्र आहे. तो थिएटरबाहेर येतो, गाडी काढतो, आत्ता पडद्यावर पाहिली तशाच साध्या घरांच्या रांगेतून जातो. ओसरी-ओसरीवर पेटलेले भोपळे. कानात धून चालू. आणि तो निघाला आहे घरी, पोस्टरवर लिहिलं होतं तिथेच. दुसऱ्या दिवशी कचेरीत, शाळेत तो याबद्दल बोलणार नाही तर कशाबद्दल बोलेल? गावातला प्रत्येक भोपळा त्या आठवड्यात या चित्रपटाचं फुकटचं पोस्टर झाला होता. ही जागा याब्लान्सला कोणत्याही पैशाने विकत मिळाली नसती.

अमेरिकेत सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर, जगभर सुमारे ७ कोटी. खर्चाच्या दोनशे पटींहून अधिक. यातला किती वाटा पोस्टरचा आणि किती धुनेचा, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही, आणि तसा आव मी आणत नाही. डीन कंडीचं छायाचित्रण, मुलाच्या नजरेतून घरात शिरणारा सुरुवातीचा लांब शॉट, कर्टिसचा साधेपणा यांच्याशिवाय प्रेक्षक दुसऱ्यांदा आला नसता. पण पहिल्यांदा तो आला त्या भोपळ्यामुळे आणि निघताना घेऊन गेला ती धून.

नंतर

बाजाराने यातून धडा घेतला, पण अर्धाच. १९७९ मध्ये शॉन कनिंगहॅमने आपल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपटाची जाहिरात ‘व्हरायटी’ या चित्रपटधंद्याच्या पत्रात छापली, तेव्हा पटकथा पूर्ण झालेली नव्हती. नुसतं नाव, काच फोडून बाहेर येणाऱ्या भल्यामोठ्या अक्षरांत. तारखेचं नाव आणि ठसठशीत चित्र, एवढं उचललं गेलं. तो चित्रपट चालला. त्याच्या मागे लागलेल्या ओळीतले बरेचसे चित्रपट आज नावानेही आठवत नाहीत. प्रत्येकाकडे सण होता, सुरा होता. गुणगुणता येईल असं काही नव्हतं. (‘फ्रायडे’ टिकला, तर त्याच्याकडेही हॅरी मॅनफ्रेडिनीने रचलेला तो कुजबुजणारा ‘की की की, मा मा मा’ होताच.)

खुद्द या मालिकेलाही ठेच लागली. १९८२ च्या तिसऱ्या भागात मायकल मायर्सची गोष्टच नव्हती. नाव तेच, पण जुना मुखवटा नाही आणि ती जुनी धूनही मुख्य नाही. प्रेक्षक नाराज होऊन परतले. १९८८ च्या चौथ्या भागाने थेट शीर्षकातच मायकल परत आल्याचं जाहीर केलं आणि धूनही परत आणली.

२००६ मध्ये पहिला चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत गेला. २०१८ मध्ये नवा ‘हॅलोवीन’ आला तेव्हा कार्पेंटर पुन्हा संगीताला बसला, सोबत मुलगा कोडी कार्पेंटर आणि डॅनियल डेव्हिस. जगभरात त्याने २५ कोटी डॉलरहून जास्त कमावले. या वेळी पोस्टरवर काळोखातून पुढे आलेला मुखवटा होता, मोठा, सुरकुतलेला. ४० वर्षांपूर्वी जे लपवलं तेच आता समोर. मला ग्लीसनचा भोपळा अधिक आवडतो, पण हा निर्णय चुकीचा नव्हता. १९७८ मध्ये तो चेहरा कोणी पाहिलेलाच नव्हता, दाखवून काही हाती लागलं नसतं. २०१८ मध्ये तो सगळ्यांचा झाला होता.

आणि आत, नामावलीला, पुन्हा काळा पडदा. एक सडलेला, चेपलेला भोपळा पडलेला असतो. धून सुरू होते. प सा सा, प सा सा. भोपळ्यात हळूहळू हवा भरावी तसा तो फुगू लागतो, कुजकी साल ताणली जाते, डोळे जागेवर येतात, आणि आत उजेड पेटतो.